ढिगाच्या आतील ओल : वापरलेली पादत्राणे ऑनलाइन विकताना व घेताना

मदीनेच्या बाजारातील तो प्रसंग बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. ही ओल कसली, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले. पावसाने भिजले, असे त्याने सांगितले. मग भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना ते दिसले असते, असे विचारून प्रेषितांनी स्पष्ट केले की, फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही. सहीह मुस्लिममधील ही हदीस जुम्याच्या खुत्ब्यांतून आपण वारंवार ऐकतो. परंतु तिच्यातील एका बारकाव्याकडे सहसा लक्ष जात नाही. त्या विक्रेत्याने कोणतेही खोटे विधान केले नव्हते. धान्य कोरडे आहे, असे तो कोणाला म्हणाला नव्हता. विचारताच त्याने खरे तेच सांगितले. दोष होता तो मांडणीत. कोरडे वर आणि ओले खाली, ही मांडणी त्याच्या वतीने ग्राहकाशी बोलत होती, आणि ती खोटे बोलत होती.

दुसरा बारकावा हाताचा. त्या बाजारात ढीग समोर होता आणि ज्याला शंका आली त्याला त्यात हात घालता येत होता. आजच्या मोबाइलवरील बाजारात ग्राहकाजवळ हातच नाही. त्याला डोळेही स्वतःचे नाहीत. विक्रेत्याने जेवढे टिपले तेवढेच तो पाहतो. म्हणजे ग्राहकाचे डोळे आणि हात ही आता विक्रेत्याकडे सोपवलेली अमानत झाली आहे. वापरलेल्या पादत्राणांच्या ऑनलाइन सौद्यांत ही अमानत रोज कसोटीला लागते, म्हणून या लेखात त्यांचाच विचार करू.

एखाद्या धार्मिक मासिकात जुन्या बुटांची चर्चा कशाला, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. परंतु ज्या प्रेषितांचे आपण अनुयायी आहोत ते आपली पादत्राणे स्वतः सांधत असत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. जुनी, दुरुस्त केलेली वस्तू वापरण्यात कमीपणा नाही. उधळपट्टीपासून दूर राहण्याचा तो एक मार्गच आहे. मुलांचे पाय वर्षभरात वाढतात, बूट मात्र धडधाकट राहतात. ते दुसऱ्याच्या मुलाच्या पायी गेले तर दोन्ही घरांचे भले होते. मुंबईत कामाठीपुऱ्यातील डेढ गल्लीत शुक्रवारी पहाटे भरणारा जुन्या बुटांचा बाजार पुष्कळांनी पाहिला असेल. तिथे गिऱ्हाईक अर्धवट अंधारात विजेरी मारून सोल पाहते, बूट वाकवून पाहते, आत हात घालते, वास घेते, पायात चढवून चार पावले चालते आणि मग भाव करते. त्या गल्लीत फसवणूक होतच नाही असे कोण म्हणेल? पण तिथे निदान हात घालण्याची सोय आहे. हाच सौदा मोबाइलवर झाला की पाच-सहा छायाचित्रे आणि ‘दोनदाच वापरले, नव्यासारखे’ ही एक ओळ एवढ्यावर पैसे पाठवले जातात.

हे पैसे कोणाचे असतात, याचाही विचार व्हावा. श्रीमंत मनुष्य सहसा दुसऱ्याचे उतरलेले बूट घेत नाही. घेणारा असतो तो महिन्याकाठी मोजून खर्च करणारा. कारखान्यात किंवा बांधकामावर लागलेला तरुण जाड सोलचे, लोखंडी टोपीचे बूट जुन्यांत शोधतो. त्या सोलला आतून तडा असेल तर नुकसान केवळ रकमेचे नाही. मधुमेही माणसाच्या तळपायाची संवेदना पुष्कळदा कमी झालेली असते. दुसऱ्याच्या पायाच्या घडणीने वाकडा झालेला बूट त्याला घासत राहतो, त्याला कळत नाही, आणि जखम चिघळल्यावर घरच्यांच्या लक्षात येते. दोष दडवणाऱ्याला हे काही दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त मोबाइलवर आलेला ‘पैसे जमा झाले’ हा संदेश.

आता छायाचित्राकडे वळू. अरबस्तानात जनावर विकण्यापूर्वी काही दिवस त्याची कास न पिळता ठेवण्याची चाल होती. कास तटतटून फुगे आणि जनावर फार दुभते आहे असा ग्राहकाचा समज होई. प्रेषितांनी ही पद्धत निषिद्ध ठरवली, आणि अशा ग्राहकाला 3 दिवसांपर्यंत जनावर ठेवण्याचा किंवा परत करण्याचा अधिकार दिला. परत करताना काढलेल्या दुधापोटी एक साअ खजूर द्यावेत, असेही सांगितले. इथेही विक्रेता तोंडाने एक शब्द खोटा बोललेला नाही. जनावराच्या रूपाकडूनच त्याने खोटे वदवले.

फुगवलेली कास आणि सजवलेले छायाचित्र यांत मला फारसा फरक दिसत नाही. बुटाच्या पुढच्या भागात कागद ठासून चुण्या ताणून घ्यायच्या, भेगांत गडद पॉलिश भरायचे, संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली फोटो काढायचे, तेही केवळ वरून, सोल दिसू द्यायचा नाही. किंवा सरळ कंपनीच्या जाहिरातीतील नव्या बुटाचेच चित्र लावायचे. यांपैकी प्रत्येक कृती भिजलेल्या धान्यावर कोरडे धान्य पसरण्याची आहे. याचा अर्थ बूट मळकेच विकावेत असा नव्हे. धुणे, वाळवणे, पॉलिश करणे, नवी नाडी घालणे यांत काहीही गैर नाही. स्वच्छता तर आपल्या दीनचा भाग आहे. मर्यादा कुठे आहे ते ओळखणे कठीण नाही. ज्या कृतीने दोष दूर झाला ती दुरुस्ती. ज्या कृतीने दोष जागच्या जागी राहून फक्त दिसेनासा झाला ती फसवणूक. उसवलेला सोल मोच्याकडून शिवून घेतला असेल तर ती दुरुस्तीच आहे, मात्र तीही सांगायला हवी. कारण शिवलेला सोल आणि मूळचा सोल यांना ग्राहक एकच किंमत देत नाही.

म्हणून विकणाऱ्याने प्रथम स्वतः आपल्या बुटाची तपासणी करावी, आणि घेणाऱ्याने नेमक्या त्याच जागांची छायाचित्रे मागावीत. सर्वांत अधिक सत्य सांगतो तो सोल. टाचेची बाहेरची कड आधी झिजते. बहुतेक माणसांची चालच तशी असते, त्यामुळे थोडी झीज हा दोष नव्हे. परंतु एका पायाची झीज दुसऱ्यापेक्षा बरीच अधिक असेल, किंवा नक्षी पुसून आतला मऊ थर दिसू लागला असेल, तर त्या बुटाचे आयुष्य सरत आले आहे. जोडी सपाट फरशीवर ठेवून मागून फोटो घ्यावा. टाच एका बाजूला कलली असेल तर ते तत्काळ दिसते, आणि अशा बुटात नव्या माणसाचा घोटाही तसाच कलतो. वरच्या भागातील चुण्यांना घाबरू नये; चालताना बोटांजवळ कातडे मुडपतेच. चुणी वेगळी आणि भेग वेगळी. चुणीत कातडे अखंड असते. भेगेत ते तुटलेले असते आणि पुन्हा सांधत नाही. रेक्झिनचे पापुद्रे एकदा सुटू लागले की त्यावर उपाय नाही. आतमध्ये टाचेच्या मागचे अस्तर फाटले आहे का, ते पाहावे. इनसोल काढून त्याचा वेगळा फोटो घ्यावा. त्यावर आधीच्या माणसाच्या पायाचा ठसा जेवढा खोल, तेवढा वापर अधिक. ‘दोनदाच वापरले’ या ओळीची साक्ष हा ठसाच देतो किंवा देत नाही.

एक दोष असा आहे की जो प्रामाणिक विक्रेत्याच्याही लक्षात येत नाही. पुष्कळ बुटांचा सोल किंवा त्यातील मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. दुकानदार त्याला पीयू सोल म्हणतात. हवेतील दमटपणामुळे तो वर्षागणिक आतून विरत जातो. बूट वापरला नाही, खोक्यात जपून ठेवला, तरीही. वरून झळझळीत दिसणारा असा बूट पायात घालून माणूस बाहेर पडतो आणि अर्ध्या वाटेत सोलचा भुगा होऊन पडतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कपाटाच्या तळाशी राहिलेल्या बुटांबाबत ही शंका अवश्य घ्यावी. इथे ढिगातील ओल अक्षरशः ओलच आहे! म्हणून ‘एकदाही न घातलेले’ असे लिहिताना घेतल्याचे वर्षही लिहावे. पुष्कळदा बुटाच्या जिभेच्या आतील चिठ्ठीवर निर्मितीचा महिना व वर्ष असते. मधला थर अंगठ्याने दाबून पाहावा. तो ठिसूळ किंवा चिकट लागला तर तसे सांगावे. मापाचेही तसेच. आपल्याकडचे क्रमांक साधारणतः ब्रिटिश पद्धतीचे, अमेरिकी क्रमांक त्याच पायाला पुरुषांच्या बुटांत बहुधा एकाने मोठा, युरोपीय आकडे निराळेच. म्हणून आतील लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून कळवणे उत्तम. आणि वास? तो कोणत्याही छायाचित्रात उतरत नाही. तो केवळ विक्रेत्याच्या जिभेवर अवलंबून आहे.

बूट आल्यावर दोष निघाला तर शरीअत काय सांगते? सौद्याच्या वेळी असलेला, ग्राहकाला न कळलेला आणि वस्तूची किंमत घटवणारा दोष आढळल्यास सौदा मोडण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. फिकहमध्ये याला खियार-ए-ऐब म्हणतात. न पाहिलेल्या वस्तूविषयी हनफी इमामांचे मत आणखी सवलतीचे आहे. असा सौदा वैध असतो, परंतु वस्तू डोळ्यांनी पाहिल्यावर, दोष नसला तरीही, ती नाकारण्याची मुभा राहते. शाफई पंथाच्या प्रचलित मतानुसार मात्र न पाहिलेल्या विशिष्ट वस्तूचा सौदाच शुद्ध होत नाही. आपल्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई असल्याने त्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे आणि शंका असेल तिथे आपल्या आलिमांना विचारावे. माझ्या अल्पमतीप्रमाणे दोन्ही पंथीयांना सोयीचा मार्ग असा की, फोनवर ठरते ते केवळ वचन समजावे आणि वस्तू हाती घेऊन, पाहून, पसंत पडल्यावरच व्यवहार पूर्ण करावा. वस्तू परगावाहून येणार असेल तर परतीचा कुरिअर खर्च कोणी सोसायचा, हे आधी लिहून ठरवावे. अर्धी भांडणे त्या दीड-दोनशे रुपयांवरूनच पेटतात.

इथे विक्रेते एक ढाल पुढे करतात. ‘जसे आहे तसे. परत घेतले जाणार नाही.’ ही ओळ लिहिली की आपण मोकळे झालो, असा त्यांचा समज असतो. या बाबतीत इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये आलेला एक खटला मननीय आहे. गुलामगिरी प्रचलित असलेला तो काळ. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी एक गुलाम 800 दिरहमांना विकला, आणि विकताना कोणत्याही दोषाची जबाबदारी आपल्यावर राहणार नाही, अशी अट घातली. पुढे खरेदीदाराने तक्रार केली की, त्याला एक आजार आहे आणि तो मला सांगितला नाही. वाद खलीफा हजरत उस्मान (रजि.) यांच्यापुढे गेला. त्यांनी निर्णय दिला की, विकताना असा कोणताही आजार आपल्याला माहीत नव्हता, अशी शपथ इब्ने उमर यांनी घ्यावी. इब्ने उमर यांनी शपथ घेण्यास नकार दिला आणि गुलाम परत घेतला. तो त्यांच्याकडे बरा झाला आणि नंतर 1500 दिरहमांना विकला गेला.

इब्ने उमर (रजि.) यांच्यासारख्या थोर सहाबींचा तो व्यवहार. अट लेखी असो वा तोंडी, ती तिथे होती. तरीही खलीफांनी अटीकडे न पाहता प्रश्न विचारला तो माहितीचा : तुम्हाला ठाऊक होते काय? विक्रेत्याला कोणत्या अटीने किती मोकळीक मिळते याबाबत इमामांमध्ये मतभेद आहेत, आणि हनफी मतात अशी सर्वसाधारण अट कायदेशीरदृष्ट्या ग्राह्यही धरली जाते. परंतु ठाऊक असलेला दोष जाणूनबुजून दडवणे कोणत्याही इमामाच्या मते गुनाहच आहे. हजरत उकबा बिन आमिर (रजि.) यांच्या हदीसचा आशय असा की, दोष असलेली वस्तू तो दोष स्पष्ट केल्याविना आपल्या भावास विकणे मुस्लिमास वैध नाही. ‘जसे आहे तसे’ लिहायचेच असेल तर आधी जसे आहे तसे सांगावे.

सरकारी नियमांचा आधारही इथे तोकडा पडतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी व्यावसायिक विक्रेत्यांवर बंधने घातली आहेत. पण घरातील एखादी जोडी वैयक्तिकरीत्या विकणारा मनुष्य त्यांच्या कक्षेत येत नाही. त्याच्यावर देखरेख आहे ती केवळ अल्लाहची. मोठ्या कंपन्यांची नावे छापलेले बनावट बूट, ज्यांना बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात, ते मूळ म्हणून विकणे तर उघड असत्य आहे. त्यावर अधिक लिहिण्याची गरज वाटत नाही.

मुस्लिम घरांसाठी मात्र आणखी एक बाब तपासण्याजोगी आहे. कमावलेले कातडे पाक होते, असे हदीसमध्ये आले आहे. परंतु डुकराचे कातडे कमावूनही पाक होत नाही, हे हनफी व शाफई दोघांचेही मत आहे. काही बुटांच्या आतील अस्तरात हे कातडे वापरतात. गुळगुळीत कातड्यावर केसांची छिद्रे तीन-तीनच्या गटांत दिसली तर ते डुकराचे असण्याचा दाट संभव असतो. तेव्हा अस्तराचा जवळून फोटो आणि चिठ्ठीवरील मजकूर मागावा, आणि खात्री होत नसेल तर ती जोडी सोडून द्यावी. राहिली आधीच्या माणसाच्या वापराची शंका. माणसाचा घाम नापाक नाही. बूट धुऊन उन्हात वाळवले की पुरे. त्यापलीकडे संशयाच्या मागे लागू नये.

ग्राहकही या हिशोबातून सुटलेला नाही. आठ दिवस लग्नकार्यात मिरवून मग ‘माप बसले नाही’ म्हणून परत पाठवणे, नसलेला डाग दाखवून पैसे कापून घेणे, दोन मित्रांनी संगनमत करून खोट्या बोली लावणे, हे सारे त्याच पंक्तीतले. खोटी बोली लावून भाव फिरवण्यास तर प्रेषितांनी नाव घेऊन मनाई केली आहे. आणि याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे विकणाऱ्याचे अज्ञान. एखादी विधवा भगिनी पतीचे बूट विकायला काढते. ते अस्सल कातड्याचे, हाताने शिवलेले, किमती आहेत हे तिला ठाऊक नसते. ती 300 रुपये मागते आणि आपण मनातल्या मनात खूश होतो. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी नमाज, जकात आणि प्रत्येक मुस्लिमाचे हित चिंतणे यांवर प्रेषितांच्या हाती बैअत केली होती. त्यांच्यासाठी सेवकाने 300 दिरहमांना एक घोडा ठरवला. जरीर यांनी घोडा पाहिला आणि मालकाला सांगितले की, तुझा घोडा याहून अधिक मोलाचा आहे. मग ते स्वतःच भाव वाढवत गेले आणि अखेर 800 दिरहम देऊन त्यांनी तो घेतला. घासाघीस आपणही करतो. मात्र आपली दिशा नेहमी एकच असते.

खरेदीदार व विक्रेता खरे बोलले आणि त्यांनी सारे स्पष्ट केले तर त्यांच्या व्यवहारात बरकत होते, दडवले आणि खोटे बोलले तर ती पुसली जाते, असे प्रेषितवचन हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्याकडून पोहोचले आहे. इमाम अबू हनीफा (रह.) कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एकदा दोष असलेले कापड दोष सांगायचा विसरून विकले आणि ग्राहक कोण हेही त्याला आठवेना. इमामांनी त्या मालाची सारी रक्कम सदका करून टाकली. बूट विकल्यावर एखादा दोष आठवला तर आपली स्थिती तुलनेने सोपी आहे. ग्राहकाचा क्रमांक आपल्याच फोनमध्ये असतो.

शेवटी अशा जोड्यांचा प्रश्न उरतो ज्या खरे सांगून कोणी घेणार नाही. त्या बहुधा सदक्याच्या गाठोड्यात जातात : पूरग्रस्तांसाठी, मदरशातील मुलांसाठी, रमजानमध्ये दारी येणाऱ्या गरिबासाठी. मदीनेत अन्सार मंडळी मस्जिदीत खजुरांचे घोस टांगून ठेवत, म्हणजे सुफ्फ्यावरील भुकेल्या सहाबींना ते खाता येत. काही जण त्यांत किडका, वाळका घोस आणून अडकवत. त्यावर सूरह अल-बकराची 267 वी आयत अवतरली. डोळेझाक केल्याशिवाय जे तुम्ही स्वतः घेणार नाही, ते निवडून अल्लाहच्या मार्गात देऊ नका, असा तिचा आशय आहे. तेव्हा गाठोडे बांधण्यापूर्वी प्रत्येक जोडी उलटी करून सोल पाहावा. शिवून चालण्याजोगी असेल ती आधी मोच्याकडे न्यावी आणि त्याची मजुरी आपण द्यावी. ज्या सोलचा भुगा होऊ लागला आहे, ती जोडी गाठोड्यात बांधू नये.